न आलेल्या रुग्णाची मोजणी

सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात दिवसभरात किती केसपेपर निघाले, याचा आकडा संध्याकाळी कारकुनाच्या नोंदवहीत चढतो आणि महिनाअखेर तो वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होतो. ज्याने केसपेपर काढलाच नाही, जो दुखणे अंगावर काढून घरी बसला किंवा रांग पाहून अर्ध्या वाटेवरून परतला, त्याची या वहीत कोठेही नोंद नसते. आरोग्यसेवेचे नियोजन मात्र बहुतांशी याच वहीच्या आधाराने चालते. ही उणीव जुनीच आहे. परंतु गेल्या दहा वर्षांत डॉक्टर मोबाइलच्या पडद्यावर भेटू लागल्यापासून तिला नवे महत्त्व प्राप्त झाले आहे. पडद्यावर किती रुग्ण भेटले हे यंत्र क्षणार्धात सांगते. त्यामुळे दवाखान्यावरील ताण हलका झाला की उलट वाढला, हे मात्र यंत्राला सांगता येत नाही. या प्रश्नाचा छडा लावण्याचा चिकाटीचा प्रयत्न ज्या देशात झाला तो स्वीडन. तेथील अनुभव महाराष्ट्रातील विचारी वाचकांनी समजून घेण्याजोगा आहे.

स्वीडनची लोकसंख्या जेमतेम एक कोटीच्या वर. देशाचे २१ प्रदेश आहेत आणि आरोग्यसेवेची जबाबदारी प्रामुख्याने या प्रदेशांवर आहे. प्रत्येक प्रदेशाचे लोकनियुक्त मंडळ असते. ते नागरिकांच्या उत्पन्नावर स्वतंत्र कर बसवते आणि त्या उत्पन्नाचा फार मोठा भाग रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांवर खर्च करते. नागरिक आपल्या पसंतीच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवतो. केंद्र सरकारी असो वा खाजगी, त्याला पैसा मिळतो तो सार्वजनिक तिजोरीतूनच. अशा व्यवस्थेत डॉक्टरच्या प्रत्येक भेटीचा खर्च अखेर शेजारपाजारच्या करदात्यांनाच उचलावा लागतो, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

परप्रदेशातून आलेले बिल

१ जानेवारी २०१५ रोजी स्वीडनमध्ये रुग्णांच्या हक्कांविषयीचा नवा कायदा अमलात आला. रुग्णाने बाह्यरुग्ण उपचार आपल्या प्रदेशाबाहेर घेतले तरी चालेल आणि त्याचा खर्च त्याच्या मूळ प्रदेशाने द्यावा, अशी तरतूद त्यात होती. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असेल तो सुटीत दुसऱ्या गावी आजारी पडलेला प्रवासी, अथवा सीमेपलीकडचे केंद्र जवळ पडणारा शेतकरी. परंतु त्याच सुमारास मोबाइलद्वारे डॉक्टरची गाठ घालून देणाऱ्या खाजगी कंपन्या उदयाला येत होत्या. ‘क्री’ ही त्यांपैकी सर्वांत गाजलेली कंपनी २०१४ साली स्थापन झाली. या कंपन्यांनी दक्षिण स्वीडनमधील योनशोपिंग प्रदेशातील आरोग्य केंद्रांशी करार केले. मग रुग्ण स्टॉकहोममध्ये असो वा अगदी दक्षिण टोकाच्या स्कोने प्रदेशात, कागदोपत्री तो योनशोपिंगच्या केंद्रात जाऊन आला असे ठरू लागले आणि त्याच्या मूळ प्रदेशाच्या नावे बिल निघू लागले.

साहजिकच प्रदेशांच्या कोषागारांत खळबळ उडाली. आपल्या मंडळाने ज्या सेवेला कधी संमती दिली नाही, तिचे पैसे आपण का भरावेत, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. प्रदेशांच्या व नगरपालिकांच्या राष्ट्रीय संघटनेने डॉक्टरच्या एका दूरस्थ भेटीसाठी २०१७ साली ६५० क्रोनर आणि २०१९ साली ५०० क्रोनर असा दर सुचविला. दराचा वाद अशा रीतीने थोडाफार शमला. मूळ वाद मात्र शिल्लक राहिला.

कंपन्यांचे म्हणणे असे की, घसा दुखणे, अंगावर पुरळ येणे, लहान मुलाचा ताप यांसारख्या किरकोळ तक्रारींसाठी माणसाने अर्धा दिवस खर्चून केंद्रात जाण्याचे कारण नाही. ही गर्दी पडद्यावर वळली तर केंद्रातील डॉक्टरला वृद्ध व जुनाट आजाराच्या रुग्णांसाठी वेळ मिळेल. टीकाकारांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. पूर्वी जी सर्दी दोन दिवस घरी राहून बरी होत असे, तिच्यासाठी आता डॉक्टर बोलावला जाईल. तरुण, सुशिक्षित व शहरी माणसाची सोय होईल आणि तिचा खर्च खेड्यातील वृद्धाच्या वाट्यातून निघेल, असे त्यांचे भाकीत होते. दोन्ही पक्षांचा युक्तिवाद ऐकणाऱ्याला पटावा असाच होता. खरे काय, हे केवळ तर्काने ठरण्यासारखे नव्हते.

नोंदवह्यांचा देश

ते ठरविण्यासाठी आकडे हवे होते. आकड्यांची स्वीडनला वाण नाही. १६८६ च्या चर्चविषयक कायद्यापासून तेथे पाद्र्यांनी आपल्या पंचक्रोशीतील माणसांची नोंद ठेवावी असा दंडक होता, आणि १७४९ पासून त्या देशाची लोकसंख्येची आकडेवारी अखंड उपलब्ध आहे. १९४७ पासून प्रत्येक रहिवाशाला एक वैयक्तिक क्रमांक दिला जातो. जन्म, शाळा, नोकरी, कर, औषधे आणि मृत्यू या साऱ्या नोंदी त्या एका क्रमांकाच्या सूत्रात ओवल्या जातात. रुग्णालयात दाखल झालेल्यांची राष्ट्रीय नोंदवही १९६४ साली सुरू झाली आणि १९८७ पर्यंत तिने सारा देश व्यापला. २००१ पासून तज्ज्ञ डॉक्टरांकडील बाह्यरुग्ण भेटी आणि जुलै २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेली औषधे व्यक्तीनिशी नोंदली जाऊ लागली.

या भव्य इमारतीत एक दालन मात्र उभारायचे राहून गेले होते. ज्या प्राथमिक उपचारकेंद्रांशी सामान्य माणसाचा सर्वाधिक संबंध येतो, त्यांतील भेटी राष्ट्रीय नोंदवहीच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या आणि त्या दशकानुदशके बाहेरच राहिल्या. मोबाइलवरील डॉक्टर ही तर प्राथमिक उपचाराचीच शाखा. तिचा अभ्यास राष्ट्रीय नोंदवहीवरून होणे अशक्य होते. तेव्हा अभ्यासकांची नजर प्रदेशांच्या दप्तरांकडे वळली. प्रदेश केंद्रांना पैसे देतो, म्हणून कोणत्या रुग्णाने कोणत्या दिवशी कोठे भेट दिली याची नोंद त्याला ठेवावीच लागते. स्टॉकहोम, वेस्ट्रा योतालांद, स्कोने यांसारख्या मोठ्या प्रदेशांनी हिशेबासाठी व प्रशासनासाठी अशी भांडारे पूर्वीच उभारली होती. परप्रदेशातून आलेले बिलदेखील त्याच दप्तरात येऊन पडत होते. ज्या बिलांमुळे वाद पेटला, तीच बिले त्याच्या उत्तराचे साधन ठरली, हा या कथेतील एक मौजेचा भाग होय.

योनशोपिंगकडे देशभरच्या दूरस्थ भेटींचे दावे जमा होत असल्याने तेथील कागद अभ्यासकांना विशेष मोलाचे वाटले. ही सेवा वापरणारे लोक प्रामुख्याने तरुण व शहरवासी असल्याचे त्यांच्या आधारे दाखविता आले. टीकाकारांच्या भाकिताचा एक भाग अशा रीतीने खरा ठरला. परंतु तेवढ्याने दुसरा भाग सिद्ध होत नाही. तरुण माणूस पडद्यावर डॉक्टरला भेटला, हे खरे. पण तो न भेटता तर केंद्रात गेला असता की घरीच बसला असता?

जुळणीचे गणित

या एका प्रश्नातच सारी अडचण सामावलेली आहे. कंपनीला दिसतो तो फक्त तिच्याकडे आलेला रुग्ण. तो दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दारात जाऊन उभा राहिला की नाही, हे तिला ठाऊक नसते. केंद्राला दिसतो तो त्याच्या दारी आलेला रुग्ण. आदल्या रात्री त्याने मोबाइलवर कोणाला विचारले होते, हे त्याला कळत नाही. आणि जो कोठेच गेला नाही, तो दोघांनाही दिसत नाही. तिघेही दिसतात ते केवळ प्रदेशाच्या दप्तरातून. कारण प्रदेशाकडे भेटींची यादी असते, तशीच आपल्या सर्व रहिवाशांचीही यादी असते. दोन याद्या एकमेकींवर ठेवल्या की कोण आला याबरोबरच कोण आला नाही हेही स्पष्ट होते. अंश सर्वांकडेच असतो. छेद फक्त प्रदेशाकडे असतो, आणि छेदावाचून प्रमाण काढता येत नाही, हे शाळेतील मुलालाही ठाऊक आहे.

तरीही निव्वळ जुळणी पुरेशी नसते. शिकवणीला जाणाऱ्या मुलांना परीक्षेत अधिक गुण मिळाले, एवढ्यावरून शिकवणीमुळेच गुण वाढले असे कोणताही अनुभवी शिक्षक म्हणणार नाही. शिकवणीला जातात ती मुले घरच्या स्थितीने व पालकांच्या आस्थेने आधीच निराळी असतात. तसेच मोबाइलवर डॉक्टर शोधणारा माणूस मुळातच निराळा असतो. तो कदाचित अधिक काळजीखोर असेल, कदाचित अधिक निरोगी असेल. त्याची व इतरांची सरळ तुलना केली तर हाती येणारे उत्तर फसवे ठरण्याचा संभव असतो.

ही अडचण ओलांडण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांनी एक साधी परंतु कल्पक वाट शोधली. स्कोने प्रदेशात वीस वर्षांखालील व्यक्तींना प्राथमिक उपचारासाठी शुल्क पडत नाही. विसावा वाढदिवस उलटला की ते लागू होते. वाढदिवसाच्या आदल्या व दुसऱ्या दिवशी माणसाच्या प्रकृतीत काही फरक पडत नाही. फरक पडतो तो खिशाला. वयाच्या या सीमेवर लागू होणारे शुल्क आणि त्यात काळानुसार झालेले बदल यांचा आधार घेऊन, पडद्यावरील भेट स्वस्त वा महाग झाली असता प्रत्यक्ष भेटींची संख्या कशी हलते, हे प्रादेशिक नोंदींवरून तपासण्यात आले. निष्कर्ष असा निघाला की, पडद्यावरील भेटींपैकी काही भेटी प्रत्यक्ष भेटींची जागा घेतात, सर्व नव्हे. म्हणजे कंपन्यांचा दावा अंशतः खरा होता आणि टीकाकारांची भीतीही अंशतः खरी होती. सभा जिंकण्यासाठी असे उत्तर निरुपयोगी असते. अंदाजपत्रक मांडणाऱ्याला मात्र नेमके तेच हवे असते. कारण एका दूरस्थ भेटीचा दर प्रत्यक्ष भेटीच्या निम्मा असला, तरी तिने एकाच भेटीची जागा पुरती घेतली की अर्धवट, यावर नफातोट्याचा सारा हिशेब अवलंबून राहतो.

दुसरा प्रश्न होता औषधांचा. रुग्णाचा घसा न पाहता, छाती न तपासता डॉक्टर सावधगिरी म्हणून प्रतिजैविके लिहून देतील, अशी धास्ती होती. प्रतिजैविकांच्या अतिवापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात, हे सर्वश्रुत आहे. स्कोने प्रदेशातील भेटींच्या नोंदी वापरून घशाचे दुखणे, खोकला, मूत्रमार्गाचा दाह अशा तक्रारींसाठी दोन्ही प्रकारच्या भेटींची तुलना करण्यात आली. दूरस्थ भेटींनंतर प्रतिजैविके अधिक प्रमाणात दिली गेली, असे त्या अभ्यासात आढळले नाही. भीती रास्त असूनही पुरावा तिच्या बाजूने उभा राहिला नाही, हे मान्य करण्यास जो प्रामाणिकपणा लागतो, तो आकड्यांच्या शिस्तीतूनच येऊ शकतो.

आकड्यांच्या मर्यादा

अर्थात दप्तर म्हणजे प्रत्यक्ष जीवन नव्हे. प्रदेशाच्या नोंदी मुळात बिले चुकती करण्यासाठी ठेवल्या गेल्या, संशोधनासाठी नव्हे. ज्या भेटीचे पैसे रुग्णाने किंवा त्याच्या विमा कंपनीने परस्पर भरले, ती या दप्तरात उमटत नाही. रोगनिदानाचा संकेतांक घाईत लिहिला जातो, आणि पैसे ज्या संकेतांकाने मिळतात त्याकडे लेखणी नकळत झुकते. रुग्णाला बरे वाटले काय, डॉक्टरने त्याचे म्हणणे ऐकून घेतले काय, या गोष्टी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. शिवाय एका प्रदेशाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. स्कोनेतील दाट वस्तीत जवळ केंद्र असलेल्या तरुणाला पडद्याचा जो उपयोग, तो उत्तरेकडे कित्येक कोस दूर राहणाऱ्या वृद्धाला असेलच असे कोण म्हणेल?

याहून गंभीर प्रश्न गुप्ततेचा आहे. माणसाच्या दुखण्याची नोंद ही त्याची अत्यंत खाजगी बाब होय. स्वीडनमध्ये संशोधनासाठी अशा नोंदी मागणाऱ्यास नैतिक परीक्षण करणाऱ्या अधिकृत संस्थेची अनुमती घ्यावी लागते. अनुमती मिळाल्यावरही नोंदी देणारे कार्यालय वैयक्तिक क्रमांक काढून त्या जागी निराळे अनुक्रमांक घालते आणि दोहोंची जुळवणी करणारी किल्ली स्वतःकडे ठेवते. मे २०१८ पासून युरोपीय संघाचे माहिती-संरक्षणाचे कडक नियमही लागू आहेत. एवढा बंदोबस्त असूनही २०१९ च्या फेब्रुवारीत एक धक्कादायक प्रकार उघडकीस आला. आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या ‘११७७’ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवरील सुमारे २७ लाख संभाषणांच्या ध्वनिफिती इंटरनेटवर कोणतेही कुलूप नसलेल्या जागी पडून होत्या. ही चूक संशोधकांची नव्हती, एका कंत्राटी व्यवस्थेतील होती. परंतु आपले बोलणे कोणाच्या तरी हाती लागू शकते असे एकदा वाटले, की रुग्ण डॉक्टरपासूनही गोष्टी लपवू लागतो, आणि मग नोंदवही कितीही सुबक असली तरी तिच्यातील मजकूर खरा राहत नाही. नोंदवहीचा खरा पाया लोकांचा विश्वास हाच होय.

महाराष्ट्रापुढील प्रश्न

हा विषय परदेशी म्हणून बाजूला सारता येणार नाही. भारतात ‘ई-संजीवनी’ ही दूरस्थ वैद्यकीय सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, महामारीच्या टाळेबंदीत, रुग्णाने घरूनच डॉक्टरला भेटण्याची सोय तिच्यात करण्यात आली. खेड्यातील उपकेंद्रात बसलेला समुदाय आरोग्य अधिकारी आज रुग्णाला पडद्यावरून दूरच्या डॉक्टरशी जोडून देऊ शकतो. या सेवेतून दिल्या गेलेल्या सल्ल्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात गेली आहे, आणि ती अभिमानाने सांगितलीही जाते. अभिमान गैर नाही. मात्र या सल्ल्यांमुळे किती आदिवासी पाड्यांतील माणसांची तालुक्याची खेप वाचली, किती जणांना तरीही जावे लागले आणि किती जण पूर्वीप्रमाणेच कोठेच गेले नाहीत, हे त्या एका बेरजेतून कळत नाही.

महाराष्ट्राला हा भेद नवा नाही. किंबहुना त्याचे मोल या राज्याने स्वतःच्या दुःखातून जाणले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दवाखान्यात आलेल्यांवर विसंबून न राहता गावोगाव, घरोघर जन्म-मृत्यूंची मोजणी केली. घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करता येतात, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांना सप्रमाण मांडता आले ते या मोजणीच्या बळावर. पुढे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील बालमृत्यू सरकारी दप्तरात दिसतात त्याहून पुष्कळ अधिक असल्याचे दाखवून दिले. जी बालके दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांचे मृत्यूही कागदावर पोहोचले नव्हते. पुण्याजवळ वढू परिसरातील २२ गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून चालविलेली लोकसंख्येची नित्य नोंद हाही याच जातीचा प्रयत्न होय.

ही उदाहरणे आहेत ती संस्थांच्या चिकाटीची. सबंध जिल्ह्याची वा राज्याची व्यवस्था अद्याप तशी नाही. येथे बाह्यरुग्ण उपचारांचा मोठा भाग खाजगी दवाखान्यांत होतो आणि त्याची नोंद सरकारपर्यंत येत नाही. २०२१ मध्ये देशभर जाहीर झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेत प्रत्येकाला १४ अंकी आरोग्य क्रमांक घेता येतो. तो ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिकच असला पाहिजे. पण त्यामुळेच तो ज्यांनी घेतला तेवढेच लोक दिसतील आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही, ते या नव्या वहीतही अदृश्य राहतील, हा धोका उघड आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला, ही आवश्यक गोष्ट झाली. तथापि संशोधकाला माहिती कोणी, कोणत्या अटींवर, कोणाच्या देखरेखीखाली द्यावी, याची घडी जिल्ह्याच्या पातळीवर बसल्याखेरीज त्या माहितीचा लोकांना उपयोग होणार नाही.

यासाठी अचाट यंत्रसामग्रीची गरज आहे असे नाही. परिचारिका व आशा कार्यकर्ती यांच्याजवळ आजही गावातील घरांची, गरोदर स्त्रियांची व बालकांची यादी असते. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकषही ठरलेला आहे. म्हणजे छेद ठाऊक आहे. एखाद्या जिल्ह्याने आपल्या दोन-तीन केंद्रांपुरती घरांची यादी, केंद्रातील केसपेपर आणि ई-संजीवनीवरील भेटी यांची लोकांच्या संमतीने व नावे झाकून जुळणी करून पाहिली, तर दूरस्थ डॉक्टर कोणाच्या उपयोगी पडतो आणि कोण अजूनही वंचित आहे याचे उत्तर त्या जिल्ह्यापुरते तरी हाती येईल. परिचारिकांच्या माथी आणखी एक रजिस्टर मारून मात्र हे साधणार नाही. जी रजिस्टरे त्या आज भरतात, त्यांतील किती कोणी उघडून वाचतो, याची चौकशी आधी व्हावी.

स्वीडनच्या प्रादेशिक मंडळांना हे आकडे तपासावेसे वाटले ते केवळ ज्ञानलालसेने नव्हे. दर चार वर्षांनी मतदारांपुढे जाऊन कराच्या पैशाचा हिशेब त्यांना द्यावा लागतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेला वा आरोग्य खात्याला असा हिशेब कोणी विचारला आहे काय? किती सल्ले दिले, हा प्रश्न सभागृहात वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर तयार असते. कोण आले नाही, हा प्रश्न ज्या दिवशी तितक्याच आग्रहाने विचारला जाईल, त्या दिवसापासून केसपेपर न काढता घरी बसलेल्या त्या माणसाचा आरोग्यसेवेशी खरा संबंध सुरू होईल.